छल्ल्यावरचा मोर

पन्नाशीला आल्यावर मला मीनाकामाचं खूळ लागलं. बारामतीत आमचं सोन्याचांदीचं छोटं दुकान. दागिने घडवायचे ह्यांनी आणि गिऱ्हाईक सांभाळायचं मी, अशी तीस वर्षांची वाटणी. मीना म्हणजे चांदीवर कोरलेल्या खळग्यांत रंगीत काचेची पूड भरून भट्टीत भाजायची. काच वितळते आणि रंग चांदीला कायमचा धरतो. मी आठ दिवसांचा क्लास केला, विजेची छोटी भट्टी आणली. हे म्हणाले, "रांगोळीच भरायची व्हती तर दारात जागा न्हवती का?" म्हटलं, "बघाल बघाल!"

बघण्यासारखं अजून काहीच झालं नव्हतं. चार पदकं भाजली, त्यातली दोन करपली. करपलेली भाकरी निदान म्हशीला तरी घालता येते.

तेवढ्यात इंदापूरहून भाची आली. तिची आई, म्हणजे माझी नणंद, दिवाळीनंतर वारली. आता पोरीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. तिनं आईचे पैंजण ह्यांच्या हातात ठेवले. "मामा, ह्याचा छल्ला करा, कमरेला खोचायचा. आणि मामी, त्याच्यावर मोर तुमी भरायचा. लाल डोळ्याचा." मी एका पायावर हो म्हटलं आणि मग ती करपलेली दोन पदकं आठवली. चांदी बाजारात पडलीय ढीगभर, पण नणंदेच्या पायातली तेवढीच. ह्यांनी बहिणीचे पैंजण आटवले, छल्ला घडवला, मोर कोरला.

भाजायच्या दिवशी सकाळी उठून मी पूड खलात घोटली. पाणी नितळ होईपर्यंत धुतली. निळा, हिरवा आणि डोळ्यात लाल ठिपका, बारीक ब्रशानं भरला. ओल राहिली तर पूड तडतडून उडते, म्हणून भट्टीच्या डोक्यावर ठेवून खडखडीत वाळवला. मग छल्ला आत. दोन मिनिटांनी दार उघडलं आणि आनंदानं ओरडलेच मी! काच पाण्यासारखी चमकत होती.

"बाहेर काढते," म्हणेपर्यंत ह्यांनी चिमटा घेऊन छल्ला काढला आणि थेट पाण्याच्या भांड्यात बुडवला. छन्न!

सोनाराचा हात तो. आगीतून निघालेलं चांदीचं काहीही पाण्यात टाकायचं, हे त्या हाताला झोपेतसुद्धा येतं. पण काच होती ना! मोराची मान तडकून भांड्याच्या तळाला गेली.

"अहो, काय केलंत हे!" मी अशी ओरडले की शेजारचा कापडवाला डोकावला. आणि हे? खाली मान घालून म्हणाले, "ताईची चांदी मी घालवली." माझा राग जागच्या जागी विरला. तीस वर्षांत मी ह्यांना असं बघितलं नव्हतं. "चांदी कुठं जातीय? काच गेलीय," मी म्हटलं. "पुन्हा भरू."

तडकलेली काच टोकरून काढली, खळगे घासले, सगळं पहिल्यापासून. त्यात भाची दारात हजर. लपवून काय उपयोग? सांगितलं. ती खो खो हसली. "मामा, मोराला अंघोळ घातली व्हय?" मग म्हणाली, "आता माझ्यासमोर भाजा."

या वेळी ह्यांना चिमट्यापासून लांब, स्टुलावर बसवलं. छल्ला मी काढला आणि जाळीवर ठेवला. डोळा काळाकुट्ट!

"करपला," हे म्हणाले.

"गप बसा. गरम हाय तोवर लाल काळाच दिसतो, क्लासात सांगितलंय." सांगत होते ह्यांना, पण खात्री माझीच होत नव्हती. क्लासातली गोष्ट क्लासात, इथं नणंदेचे पैंजण होते! आम्ही तिघं त्या जाळीवर वाकलो. आधी शेपूट हिरवी झाली, मग मान निळी. डोळा मात्र काळाच. मी मनातल्या मनात म्हसोबाला नारळ बोलले. आणि कडेनं काळं सरकायला लागलं. तपकिरी झालं, मग लाल. लालभडक, डाळिंबाच्या दाण्यासारखं!

"आला गं बाई, आला!" मी टाळ्याच पिटल्या. हे स्टुलावरून उठून चक्क हसत होते, नाक ओढत. भाचीनं खटाखट फोटो काढले, भराभर पाठवलाही एक.

आणि तिचा अंगठा तिथंच थांबला. "मामी," ती म्हणाली, "आईला गेला."

पुसायचं तर तेही तिला होईना. तेवढ्यात फोन वाजला. आईच्याच नंबरवरून उत्तर आलं होतं. इंदापुरात तिचे पप्पा तो फोन रोज चार्जिंगला लावतात, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तिनं वाचून दाखवलं, "डोळा झकास झालाय. तिला लई आवडला आसता."