दात्यांच्या टोकापासून पाव इंच

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. अंबाबाईपुढं हात जोडले तेव्हाही गिळूनच टाकलं. आज तुम्हाला सांगते. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही — म्हणूनच बहुधा जमतंय.

आधी माझा राग ऐका. कसबा बावड्यात आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई होत्या, आम्ही त्यांना काकी म्हणायचो. त्यांच्या नुसत्या आठवणीनं आजही माझं डोकं फिरतं. व्यासपीठावर समतेचं भाषण, आणि खाली उतरल्या की काही बायकांचे चहाचे कप वेगळे! लाज वाटायला नको? त्या बाईला मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्यात! पण — थांबा, काकींचं नंतर.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मंडळ वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायचा वर्ग काढणार होतं आणि शिकवायला पगारी बाई हवी होती. आम्ही दोघी तयार झालो. एक मी, दुसरी शोभा. शोभा बौद्ध घरातली, नवरा अंथरुणाला खिळलेला, पोरी शाळेत. लोकांच्या उसात तण भांगलायला जाणं सुटावं म्हणून तिला ते काम हवं होतं. मला कशाला हवं होतं? चार बायकांनी ‘बाई’ म्हणावं म्हणून. माझ्या नवऱ्याची ऑफिसातली नोकरी पक्की होती. चूल अडली नव्हती माझी.

कुणाला घ्यायचं ते ठरवायला काकींनी दोघींना सारखेच चौकोन दिले. कापडदुकानातल्या जुन्या नमुन्यांचे — आयते कापलेले, दातेरी कात्रीनं, म्हणजे चारी काठांना बारीक दाते. नऊ चौकोन जोडले की एक घर, आणि घराला घर लावत वाकळ. शिलाई पाव इंचावर धरायची, पण ती दात्यांच्या टोकापासून. खाचेपासून मोजलं, तर दर शिलाईत थोडं कापड जास्त जातं आणि घर आखूड निघतं.

शोभा माझ्या शेजारीच शिवायला बसायची. पहिल्याच दिवशी हळूच म्हणाली, “वैनी, टोकापास्नं धरताय न्हवं?”

“मला नको शिकवूस,” मी म्हणाले. आणि मुद्दाम — हो, मुद्दाम — खाचेपासूनच शिवत राहिले. ती मला सांगणार? ती? हे तेव्हा मनात आलं होतं, अगदी याच शब्दांत. काकींच्या कपांवर चिडणारी मी!

काम दाखवायच्या दिवशी शोभा पाणी प्यायला बाहेर गेली आणि मी माझं एक घर तिच्या घरावर ठेवून पाहिलं. माझं आखूड. दुसरं ठेवलं, तेही आखूड. तिचे कोपरे कोपऱ्याला टेकलेले, रेघ मारल्यासारखे. कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून गठ्ठ्यांना दोरे बांधले होते, माझ्याला लाल, तिच्याला निळा. मी दोरे सोडले आणि — बांधले. उलटे बांधले.

काकींनी निळ्या दोऱ्याचा गठ्ठा उलगडला आणि तोंड वाकडं केलं. शोभानं एक घर उचलून उलटं केलं.

“ह्ये माजं न्हाई, काकी. मी दोऱ्याला दोन गाठी मारतो. हितं एकच हाय, बघा की.”

काकींनी बघितलं नाही. तिच्याशी बोलल्याही नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, “दोरा तर तिचाच हाय. ह्यांच्यात कुठलं आलंय नेटकं काम!”

शोभा माझ्याकडं बघत होती. तिला कळलं होतं सगळं. “वैनी, तुमी तरी सांगा.”

मी काय केलं? गप्प बसले असते तरी ते पाप होतं. मी गप्प बसले नाही. “व्हय की काकी,” म्हणाले, आणि वर हसले. चारचौघींत, काकींच्या त्या ‘ह्यांच्यात कुठलं’ला. उलट्या दोऱ्यांनी काकी आधीच फसल्या होत्या, त्यांच्या त्या वाक्याला होकार द्यायची काही गरज नव्हती. तो मी आपण होऊन दिला. मग काकींवर मी कुठल्या तोंडानं चिडते? त्यांच्या पोटात विष होतं, खरं. वाढून दिलं ते मी.

शोभानं हातातलं घर खाली ठेवलं आणि ती गेली. मंडळात पुन्हा आली नाही. पुढच्या हंगामात बसमधून जाताना ती उसाच्या एका फडात वाकलेली दिसली. मी दुसऱ्या खिडकीकडं तोंड फिरवलं.

तिच्या घरांची वाकळ झाली आणि वर्गात नमुना म्हणून टांगली गेली, माझ्या नावानं. मी कितीतरी वर्षं त्याच वाकळेखाली उभी राहून बायकांना दरडावत होते, “टोकापासून धरा गं, टोकापासून!” वर्ग बंद झाला तेव्हा बायकांनी नारळ देऊन तीच वाकळ माझ्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजल्या. मी डोळे पुसले.

गेल्या महिन्यात सुनेनं ती नातवाच्या अंगावर पांघरली. कोपऱ्यांवरनं बोट फिरवत म्हणाली, “आई, एकपण कोपरा हललेला न्हाई. समदी तुमीच शिवलासा?”

मी व्हय म्हणाले.