अकरावं कडवं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घ चुकतं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वरच्या मजल्यावरचे क्लाइडकाका जाऊन सहा आठवडे झाले. मी जिना पुसत होते तेव्हा सूनबाई सुजातानं येऊन सांगितलं, "आई, काका गेले." मी बादली खाली ठेवली... मग उरलेला जिना पुसला.

जर्मनीत त्सुफेनहाउझेनला मुलाकडे राहायला आले तेव्हा कळलं, इथे जिना आळीपाळीनं पुसायचा असतो. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी अडकवतात. आपलं झालं की ती पुढच्याच्या दाराला; माझ्यानंतर पाळी काकांची. पुसताना मी आईच्या ओव्या गुणगुणायची. एकदा पाहते तर काका वरच्या पायरीवर बसून ऐकताहेत. मी ओवी अर्ध्यावर सोडली. ते सुजाताला म्हणाले, "का थांबल्या? माझी आजीपण झाडताना गायची."

काका अमेरिकेतल्या डोंगराळ भागातले. सैन्यातून इकडे आले, इथलीच बायको केली आणि राहिले. आजीचं गाणं मात्र तिच्या पूर्वजांनी इंग्लंडहून नेलेलं. त्यातली नदी घरात कुणीच पाहिली नव्हती. मी म्हटलं, "ओवीतली गंगा तरी माझ्या आईनं कुठे पाहिली होती?" सुजातानं ते जर्मनमधून सांगितल्यावर काका हसले. "गेनाऊ, गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

त्यांच्या मुलीला, मार्टिनाला, ते गाणं नको होतं. म्हणून मला शिकवलं. नावाड्याची वाट बघणाऱ्या मुलीचं, अकरा कडव्यांचं. वाणसामानाच्या वहीत मी ते ऐकू आलं तसं आपल्या अक्षरांत उतरवलं. काकांचा नियम एकच, गाताना चेहरा हलवायचा नाही. रडायचं ते ऐकणाऱ्यानं. मला ते सोपं गेलं, मी तशीही खालीच बघते.

काका अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी सुजाताकरवी मला गायला सांगितलं. अकराव्या कडव्यात मुलगी मरते. आजाऱ्यापुढे ते कसं म्हणायचं? मी दहावर थांबले.

"एक राहिलं," काका म्हणाले.

"पुढच्या वेळी."

"मग ते तुमच्याकडे उसनं."

पुढची वेळ आलीच नाही.

गेल्या शनिवारी मार्टिना घर रिकामं करायला आली. सुजातानं तिला वहीचं सांगितलं. तिनं पानं उलटली, पण ती अक्षरं तिला कुठली वाचता येणार... "गाल का?" तिनं विचारलं. पाळी माझीच होती, हात ओले होते. काकांच्या पायरीवर बसले आणि भिंतीकडे बघत अकराही कडवी म्हटली. ती रडली. मी चेहरा हलवला नाही. काकांचं उसनं पुरतं फिटलं.

मग जिना संपवला आणि पाटी सवयीनं त्यांच्याच दाराला अडकवली.