मूषकांचा पक्ष

साताऱ्याच्या आमच्या गणेशमंदिरात संकष्टीला अथर्वशीर्षाचे पठण मीच करीत असे. पुढे सांगलीच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयाने मला प्राण्यांवरील प्रयोगांना संमती देणाऱ्या समितीवर समाजाचा प्रतिनिधी म्हणून घेतले. वनस्पतींचे अर्क किती विषारी आहेत, हे तेथे उंदरांना पाजून तपासतात.

ही वार्ता कळताच मंदिराचे पंच असलेले निवृत्त सुभेदार भर सभामंडपात म्हणाले, “आवं गुरुजी, देवाच्या वाहनाला इख पाजायला सही करता, आन् हितं अथर्वशीर्ष म्हनता व्हय?”

“सुभेदार, तुम्ही रोज नातवाला गुळवेलीचा काढा पाजता. तो कुणी तपासला?”

“आमच्या आज्यानं पिला की! लय वरीस जगला गडी.”

सारे हसले, मीही हसलो. मग सुभेदार गंभीर झाले. “समिती सोडा, न्हाईतर पठनाचं आसन सोडा.”

मी म्हणालो, “सगळ्या उंदरांना एकदमच मात्रा द्यायचे ठरत होते. मी अडून बसलो, म्हणून आता एकाला पाजून वाट पाहतात. तो जगला तरच दुसऱ्याला देतात. मी उठलो, तर तिथे मूषकांच्या बाजूने कोण बोलणार?”

पण निर्णय बदलला नाही. मी आसन सोडले, बाहेरच्या पायरीवर बसलो आणि गाभाऱ्यापर्यंत पोहोचेल अशा स्वरात पठण आरंभिले. सांगलीची पुढची बैठक सोमवारी आहे. मी जाणार आहे.