ट्रकमधून आलेली माती

यमुनेकाठच्या बंद रंगकारखान्याची जमीन स्वच्छ झाल्याचा दाखला मी दिला. मातीचा नमुना काढायला खड्डा खणणाऱ्या मजुराचं नावही मी विचारलं नव्हतं. तो प्रत्येक फावड्यानंतर चिमूटभर माती हुंगायचा.

वीतभर खणल्यावर मी 'बस' म्हणालो.

तो हसला. "साहब, ये मिट्टी तो परसों ट्रक से आई है. ज़हर नीचे है. और खोदूँ?"

"जितना कहा, उतना कर!" मी खेकसलो.

त्यानं वरचीच माती पिशवीत भरली. हात मात्र पँटला घासघासून पुसले.

आता तिथे वस्ती आहे. हातपंपाचं पाणी पिवळं येतं, लेकरं तेच पितात. कारखानदाराला शिव्या देऊन झाल्या. उरलेला संताप माझ्यावरच आहे.

म्हणून आज वरिष्ठांना लिहून देतोय: तो दाखला खोटा आहे. सही माझी आहे. हातपंप आजच बंद करा.