न उतरणारी कावीळ

आमच्याकडं कावीळ बरी होत नाही, उतरते. झाडाच्या काड्यांची माळ डोक्यावर ठेवतात. ती रोज थोडी लांबते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, आणि पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. काड्या वाळून बारीक होतात, गाठी ढिल्या पडतात, म्हणून माळ लांबते. खुंटीला अडकवली तरी लांबेल. पण हे माझ्या आईला सांगून बघा.

माझा थोरला भाऊ फौजेतून निवृत्त होऊन शिराळ्याजवळच्या आमच्या गावी ऊस करायला लागला. गावातल्या रक्तदान शिबिरात त्यानं मोठ्या उत्साहानं रक्त दिलं, आणि थोड्या दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला की तुमच्या रक्तात ‘बी’ प्रकारची कावीळ आहे. डोळे पांढरेशुभ्र, भूक राक्षसाची, आणि म्हणे कावीळ! सांगलीच्या डॉक्टरांनी रोजची एक गोळी लावून दिली आणि विचारल्याशिवाय बंद करायची नाही असं बजावलं. दादा ती ड्यूटीसारखी घ्यायचा. आईच्या डोळ्यांत मात्र ती गोळी खुपायची. जी कावीळ रोज गोळी खाऊनही जात नाही, ती कुणी नीट उतरवलेलीच नाही, असं तिचं सरळ म्हणणं. शेवटी तिनं माळ देणाऱ्या बुवांना गाठलंच. बुवांची अट एकच होती, माळ अंगावर असताना दुसरं औषध चालत नाही. माळ पोटापर्यंत आली, आईनं गोडाचा स्वयंपाक केला, आणि बंद झालेली गोळी बंदच राहिली. मी रहिमतपुरात, सासरी. मला कुणी काही कळवलं नाही. मी घर डोक्यावर घेतलं असतं, हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

काही आठवड्यांनी वहिनीचा रडत फोन आला. मी सांगलीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा दादाचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं. मला आधी रडू आलं आणि मग भयंकर राग आला.

डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, “हा विषाणू स्वतः यकृताला फारसा धक्का लावत नाही. पेशीत घर करून बसतो, इतकंच. त्याला मारायला शरीराच्या रक्षक पेशी येतात आणि तो ज्या पेशीत बसलाय ती पेशीच मारून टाकतात. यांच्यात तो जन्माच्या वेळी शिरला असणार. तान्ह्या शरीरानं त्याला परका मानलंच नाही. पुढं ओळख पटली, पण तोवर रक्षक पेशी थकून गेल्या होत्या. गोळीमुळं तो दबून होता. गोळी थांबली, तो माजला, आणि आता शरीर एकदम खवळून उठलंय.”

दादा पडल्या पडल्या म्हणाला, “म्हंजी उसात बिबट्या शिरला म्हणून आख्खा फडच पेटवायचा की वो!”

“तसंच,” डॉक्टर म्हणाले. “आता फड किती वाचतो ते बघायचं.”

गोळी पुन्हा सुरू झाली होती, पण तिला वेळ हवा होता. तोवर यकृत बसलं तर रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाणार आणि मग पुण्याला नेऊन यकृत बदलण्याशिवाय इलाज नव्हता, तेही मिळालं तर. याची पहिली खूण म्हणजे माणूस भलतीच उत्तरं देतो, पुढं धरलेले हात फडफडतात. “प्रश्न विचारत राहा,” डॉक्टरांनी मला सांगितलं. “उत्तर चुकलं की घंटी दाबा.”

मी खाटेला चिकटून बसले.

“दादा, आज वार कंचा?”

“बेस्तरवार.”

“आपुन कुटं हाय?”

“तुझ्या तावडीत.”

“नीट सांग!”

“सांगलीत गं बाई.”

त्याच्या चेष्टेनं माझं डोकं फिरायचं आणि तो गप्प झाला की जीव जायचा. एकदा मी त्याच्या लेकाची इयत्ता विचारली, तर तो छताकडं बघतच राहिला. माझा अंगठा घंटीवर गेला. तेवढ्यात म्हणाला, “ती मला कवाच ठाऊक नव्हती.”

माझं आणि आईचंही रक्त तपासायला घेतलं होतं; दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी दादाला आणि मला त्याचे निकाल सांगितले. मलाही कधीतरी हीच कावीळ होऊन गेली होती आणि माझ्या शरीरानं ती पार हुसकून लावली होती. आईच्या अंगात ती अजून होती, गपगार. तिचं यकृत धडधाकट होतं, फक्त वर्षातून एकदा तपासायचं. दादाला ती बाळंतपणात आईकडूनच आली, हे आता नक्की झालं. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

संध्याकाळी आई बिनतेलाचा डबा घेऊन आली. तिचं रक्त साखरेसाठी घेतलं असं तिला वाटत होतं. माळेचं कळल्यापासून मी तिच्याशी धड बोलत नव्हते. ती दादाच्या पायाशी बसली आणि म्हणाली, “आरं, आपल्या घरात कुनाला न्हाई. तुला लागली तरी कुनाकडनं?”

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दादाच बोलला.

“फौजेत. एका गड्याचा वस्तरा वापरला हुता.”

सकाळीच तर डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं होतं. उत्तर चुकलं! मी घंटी घट्ट धरली.

“दादा, हात फुडं कर.”

त्यानं केले. जराही हलले नाहीत.

“आज वार कंचा?”

“शुक्करवार.”

“सकाळी डॉक्टर काय म्हनालं?”

त्यानं त्या पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. “म्हनालं, लय बडबडनाऱ्या भनीला घरी धाडा.”

मी घंटी सोडली. तो पूर्ण शुद्धीत होता. आई त्या गड्याला पोटभर शिव्या घालत पदरानं दादाचं कपाळ पुसत होती.

दादा त्यातून सावरला. आई दरवर्षी साखर बघायची म्हणून माझ्याबरोबर रक्त द्यायला सांगलीला येते आणि वाटेत त्या वस्तरावाल्याला अजून शिव्या घालते. मीही घालते.