बंदूक ठाण्यात, दहशत घरात

बापूंचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सुतक फिटायच्या आधीच आमच्या साऱ्या गोतावळ्याची खात्री पटली होती, की मी कोणाचा तरी खून करणार आहे. कोणाचा, यावर मात्र एकमत होत नव्हतं.

मी शहाद्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आयुष्यात हात उगारला तो फक्त वरच्या कप्प्यातलं पुस्तक काढायला. दिवाळीत फटाका लावायचा झाला तर मी आधी पायात बूट घालतो (पळायला बरं पडतं) आणि मग काडी बायकोच्या हातात देतो. असा माणूस खुनी कसा ठरतो, ते सावकाश सांगतो. सावकाश, कारण मला सगळं सावकाशच जमतं. आणि बापूंबद्दल लिहिताना अजूनही मध्येच थांबावं लागतं.

ब्राह्मणपुरीला आमची केळी आणि उसाची शेती. पीकरक्षणासाठी म्हणून बापूंकडे परवान्याची एकनळी बंदूक होती. रानडुकरांसाठी. आता बापूंची पद्धत अशी, की उसाच्या कडेला उभं राहून आधी खणखणीत आवाजात ओरडायचं, "पया रे! उडवी ऱ्हायनू!" म्हणजे, पळा रे, उडवतोय! मग डुकरांना आवराआवर करायला पुरेसा वेळ द्यायचा आणि आभाळाच्या दिशेनं एक बार काढायचा. "न सांगता बार काढना म्हंजे धोका शे," असं त्यांचं म्हणणं. डुकरंही सज्जन. हाक ऐकली की शिस्तीत निघून हिरालालच्या उसात जात.

हिरालाल माझा चुलतभाऊ. त्याचं शेत आमच्या शेताला लागून, आणि मधला बांध जरा चंचल स्वभावाचा. बापूंची बंदूक घरात असली की बांध जागच्या जागी. पण निवडणूक लागली, की आचारसंहितेपायी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत. आणि इकडे बंदूक जमा झाली, की तिकडे बांध वीतभर आमच्याकडे सरकायचा. ग्रामपंचायत, झेडपी, आमदारकी, खासदारकी... "या बंदूकनी जितल्या निवडणुका देख्यात, तितला डुकरं नही देखात," बापू म्हणायचे. लोकशाही जसजशी बळकट होत गेली, तसतसं आमचं शेत अरुंद होत गेलं!

शेवटच्या निवडणुकीतही बंदूक जमा झाली. निकाल लागला, गुलाल उडाला, तोवर बापूंनी अंथरूण धरलं होतं. बंदूक आणायला जाणं राहून गेलं. मग बापूच गेले.

तिसऱ्याच दिवशी मायनं मला आतल्या खोलीत बोलावलं. (माय, म्हणजे माझी आई. तिच्यापुढे बोलायचं तर बापूसुद्धा आधी खाकरून सूचना देत.)

"मास्तर," ती म्हणाली. मी मास्तर नाही. पण घरातही पुस्तकी बोलतो म्हणून ती मला मास्तर म्हणते. "बंदूक तुन्हा नाववर करी ले. तुन्हा बापनी बंदूक भंगारमा जावाले नको. त्या खुंटीवर जोयजे माले."

"माय, मला कोण परवाना देणार?"

"मंग जावाईना नाववर कर, नहीते मामाना नाववर कर. जठे सोपं पडी तठे. पन मन्हा डोयासमोर ती बेवारस व्हवाले नको." मग तिनं दार ओढून घेतलं. "आनि ध्यानमा ठेव. बंदूक ठाणामा शे, हाई कोनले सांगानं नही. त्या हिरालालले समजनं, ते बांध आपला ओटापावत यी!"

मी शब्द दिला. खुंटीवर बंदुकीची खोळ लटकत होती. लांबून कोणालाही वाटावं, आत बंदूक आहे.

आणि इथे माझ्यातला ग्रंथपाल जागा झाला. एका पुस्तकावर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्याशी ताडून पाहायचं, ही माझी जुनी खोड. शिवाय सोय किती! बहीण दिलेली खेतियाला, म्हणजे मध्य प्रदेशात. मामा निझरचे, म्हणजे गुजरातचे. आम्ही महाराष्ट्रात. या तिन्हींत बंदूकवाल्याला सर्वांत सोयीचा मुलूख कोणता, ते विचारून घ्यावं आणि मग ठरवावं. आमच्याकडे माणूस गेला, की नातेवाईक गाड्या भरभरून 'दारवर' येतात आणि सतरंजीवर गप्प बसून राहतात. चौकशीला याहून चांगली संधी कुठली?

(याहून वाईट संधी नव्हती, हे आता लिहिताना कळतंय.)

पहिले आले खेतियाचे जावई, छगनराव. रीतीप्रमाणे डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, "बापू म्हंजे देवमाणूस व्हतात."

"हो," मी म्हणालो. "बरं, तुमच्याकडे बंदुकीचं कसं असतं?"

रुमाल डोळ्यांवरच राहिला. "कसं, म्हंजे?"

"म्हणजे एखाद्या शांत, नोकरदार माणसाला हवी असेल तर?"

बढाईची संधी छगनराव सुतकातही सोडत नाहीत. "आम्हना मध्य प्रदेशमा? अरे दादा, बंदूक म्हंजे शान! लग्नमा नवरदेवना आधी बंदूकवाला काकाले टोपी-टॉवेल. काका नही उना, ते हयद थांबस!"

काका नाही तर हळदच थांबते, हे ऐकून मला संशय आला. खेतियाची बरीच लग्नं मी जेवलो आहे. तिथे काका पुष्कळ पाहिले, पण बंदूकवाला एकही नाही. म्हणून जरा खोदून विचारलं, "आणि समजा, इथली बंदूक घेऊन कोणी बॉर्डर ओलांडून थेट तुमच्या घरी आलं, तर वाटेत अडवतात का?"

छगनराव चहा न पिताच उठले. जाता जाता भिंतीशी रेंगाळले आणि खुंटीवरची खोळ हळूच दाबून पाहिली. खोळ दबली. पार भिंतीला टेकेपर्यंत दबली!

"दादा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बंदूक कोठे शे?"

मायला शब्द दिलेला. खोटं तर मला बोलता येत नाही. मी चष्मा पुसत म्हणालो, "जिथे असायला पाहिजे तिथे आहे. वेळ आली की बाहेर काढू."

दुसऱ्या दिवशी खेतियाहून टेम्पो आला. आत आमची पाण्याची मोटार! छगनरावांनी ती कधीकाळी "आठ दिवससाठे" नेली होती आणि तिच्यावाचून जगायला आम्ही केव्हाच शिकलो होतो. सोबत नवाकोरा पाइप, भेट म्हणून.

"जावाईस्ले सुबुद्धी कशी काय उनी?" माझी बायको सुनंदा म्हणाली.

"दुःखानं माणूस मऊ होतो," मी म्हणालो. आणि मऊ झालेल्या माणसांची चौकशी पुढे चालू ठेवली.

मग निझरचे मामा आले.

"मामा, गुजरातेत बंदूकवाल्याला कसं वातावरण आहे?"

"बंदूक?" मामा हसले. ते भाच्याला भाणा म्हणतात. "भाणा, आम्हनाकडे पैसावाला तिजोरी ठेवस, आनि तिजोरीना वॉचमन बंदूक ठेवस. जो सोता बंदूक ठेवस, त्यानाकडे लोके संशयथी देखतस."

हे मला छगनरावांच्या माहितीपेक्षा भरवशाचं वाटलं. तरी ताडून पाहिलंच. "म्हणजे तिकडे घरात सहसा बंदूक नसते?"

"नसस."

"तुमच्या गल्लीतही कोणाकडे नाही?"

"नही."

"आणि तुमच्या स्वतःकडे? अगदी काहीच नाही?"

मामा सतरंजीवरून इंचाइंचानं मागे सरकू लागले. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "काळजी करू नका मामा. कुठे सोपं पडेल, एवढंच बघतोय."

दिवे लागायच्या आत मामांच्या जीपमधून पितळी घंगाळ आलं. ते आजीनं मायला द्यायला सांगितलेलं आणि मधल्या काळात मामींच्या न्हाणीघरात विसावलेलं. मायनं घंगाळ उलटंपालटं करून पाहिलं, मग मला तसंच पाहिलं.

खरं सांगतो, मलाही संशय येऊ लागला होता. पण माझा संशय असा, की बापूच रोज एकेकाच्या स्वप्नात जाऊन दम देत असावेत. माझा संशय बापूंवर आणि साऱ्या गोतावळ्याचा माझ्यावर! ज्याच्या ज्याच्याकडे आमचं काही अडकलेलं, त्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं, की पहिली गोळी आपलीच.

फक्त हिरालालला अजून काही वाटत नव्हतं. कारण तो दारवर आलाच नव्हता.

खोळ रिकामी असल्याचं बाहेर फुटलंय, हे मायच्या कानावर आलं, तशी तिनं केळीच्या घडाला लावायचा बांबूचा टेकू आणून खोळीत कोंबला. "हाई खांदवर टाक, आनि वावरमा एक चक्कर मारी ये. त्या हिरालालले दिसू दे, का बंदूक घरमाच शे."

"माय, हे बरं दिसेल का?"

"तुन्हा बापले बरं दिसे!"

ऊन कलल्यावर मी निघालो. खांद्यावर खोळ, नाकावर चष्मा. वाटेत म्हसावदचा एक ओळखीचा माणूस मोटारसायकलवर समोरून आला आणि मला पाहून बैलगाडीच्या चाकोरीतून आल्या पावली परत गेला. त्याला काही काम आठवलं असावं.

उसाच्या कडेला पोचलो. बापू नेमके जिथे उभे राहत, तिथे गवत अजून दबलेलं होतं. मी तिथे उभा राहिलो. वारा नव्हता. ऊस हलत नव्हता. इतके दिवस दारवर येणाऱ्यांपुढे डोळे कोरडे ठेवले होते, ते तिथे राहिले नाहीत. म्हटलं, कोणी नाही, एकदा बापूंसारखी हाक मारून बघावी. छाती भरून घेतली आणि जन्मात ओरडलो नव्हतो तसा ओरडलो:

"पया रे! उडवी ऱ्हायनू!"

डुकरं नव्हती. बांधापलीकडच्या उसात हिरालाल पाणी भरत होता!

आधी फावडं पडल्याचा आवाज आला. मग ऊस मोडल्याचा. मग थेट गावाच्या दिशेनं, हात वर करून पळणारा हिरालाल. एक चप्पल आमच्या पाटात, दुसरी त्याच्या. मी घाबरून (आता तो का पळतोय, हे मला कुठे माहीत?) त्याच्यामागे पळालो. "हिरालाल, थांब! काय झालं?" खांद्यावर खोळ, आणि मी ओरडतोय, थांब! गावानं हे दृश्य ओट्यावर बसून पाहिलं.

सकाळी शेतावर गेलो, तर बांध जागेवर! आजोबांच्या वेळच्या दगडावर, दोरी लावून घातल्यासारखा सरळ. बापू खांद्यावर खरी बंदूक घेऊन जन्मभर जे करू शकले नाहीत, ते मी केळीच्या टेकूनं करून बसलो होतो. मनातल्या मनात मी बापूंना म्हणालो, सांगून काढला हं बार!

दिवसकार्य उरकल्यावर मी परवान्यासाठी रीतसर अर्ज केला. शेवटी महाराष्ट्रच बरा, असं माझ्या अभ्यासाअंती ठरलं होतं. मग चौकशीला हवालदार आले. अर्जदार माणूस कसा आहे, हे चार लोकांना विचारायची पद्धत असते. मला काही चिंता नव्हती. माझ्याविरुद्ध बोलणारा अख्ख्या तालुक्यात शोधून सापडला नसता.

हिरालाल म्हणाला, "साहेब, माणूस भलता शांत शे. तेच ते भेव शे!"

शेजारी म्हणाले, "आवाज नही, भांडण नही. नुसता चष्मा पुसस, आनि दुसरा दिन लोके सामान परत करी जातस."

सुनंदाला विचारलं, तर ती (लग्नाची बायको!) म्हणाली, "तसा बरा शेतस. पन झोपमा बडबडतस, 'कोठे सोपं पडी, कोठे सोपं पडी.'"

हवालदार माझ्यापासून जरा लांबच खुर्ची ओढून बसले. "सर, अवघड आहे. तुम्ही अर्जात लिहिलंय, डुकरांपासून धोका आहे. गाव म्हणतं, धोका तुमच्यापासून आहे."

"पण मी तर फक्त चौकशी करत होतो!"

"तेच लिहितोय," ते म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून गेले.

बंदूक ठाण्यातच राहिली. मायला काय तोंड दाखवायचं, या विचारानं मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. शेवटी आत जाऊन सांगितलं. तिनं घंगाळाकडे पाहिलं, अंगणातल्या मोटारीकडे पाहिलं. मग खोळीवरची धूळ पदरानं पुसली आणि ती टेकूसकट खुंटीवर अडकवली. बापू अडकवायचे तशीच, तोंड भिंतीकडे करून.

"ऱ्हाऊ दे ठाणामा. घरमा व्हती तवय तरी ती काय करे? तुन्हा बापच बोंबले." खोळ सरळ करत म्हणाली, "तू बी त्यानामायकच बोंबलना म्हने."

बापूंसारखाच! एवढं प्रशस्तिपत्र मला आजवर कोणी दिलेलं नाही.

कॉलेजात रुजू झालो, तर माझ्या टेबलावर पुस्तकांचा डोंगर. प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली पुस्तकं, सगळी नव्या कव्हरात. 'शांतता राखा' ही पाटी मी भिंतीवरून काढून ठेवली. गरजच उरली नाही. फक्त परवा खिडकीखाली कोणाच्या तरी मोटारसायकलचा सायलेन्सर फुटला, आणि अख्ख्या वाचनालयाच्या देखत मी टेबलाखाली गेलो.

वाटलं, झाली अब्रूची माती, आता सारे हसणार. कोणी हसलं नाही. पलीकडून एक दबका आवाज तेवढा आला.

"हालू नका रे! सरनी पोझिशन लिधी!"