पडायला ठेवलेली पोरगी

“जॅकेट काढ,” अध्यक्ष म्हणाले.

कळमनुरीतला संस्थेचा हॉल. मॅटवर आमी वीसेक पोरी. मी चौदा वर्षांची. अंगात ज्युदोचा पांढरा जाड ड्रेस, संस्थेनंच दिलेला. समोर अध्यक्षांची लेक ऋतुजा. तिनं माझी कॉलर धरली, लगेच सोडली आणि हात पुसले. वास येऊन राहिला म्हणाली. सुट्टीत ड्रेस तांड्यावर नेला होता. धुऊन चुलीजवळ वाळवला. धुराचा वास असंल.

“संस्थेची वस्तू हाय. तांड्यावर नेऊन घाण करायला दिली न्हाई. काढ.”

मी ज्युदो शिकवणाऱ्या सरांकडं बघितलं. सर घड्याळाकडं बघून राहिले होते. मी पट्टा सोडला. जॅकेट काढलं. आत जुना टी-शर्ट, काखेत उसवलेला. मी एक हात तिथं दाबून उभी राहिले.

“आता पड. ऋतुजाची प्रॅक्टिस थांबायला न्हाई पाहिजे.”

ज्युदोत जॅकेटला धरूनच पाडतात. जॅकेट नव्हतं, म्हणून तिनं टी-शर्टला धरलं. तो आणखी फाटला. मी पडले. उठले. परत पडले. पोरी बघत होत्या. कुणी हसलं न्हाई. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग निदान चिडता आलं असतं.

संस्थेत मला पार्टनर म्हणायचे. पार्टनरचं काम एकच, समोरचीनं डाव टाकला की पडायचं. बाकीच्या पोरी आलटून-पालटून पडायच्या. मी रोज फक्त ऋतुजाच्या हातून पडायची. तिच्या वजनाची मी एकटीच होते. आणि मी हॉस्टेलात होते. हॉस्टेल अध्यक्षांचं, शाळा अध्यक्षांची, हॉलही त्यांचाच. याडी-बापू, म्हणजे माझे आई-बाप, दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. हॉस्टेल सुटलं असतं तर मलाही उसाच्या फडात जावं लागलं असतं. माझी मोठी बहीण तशीच गेली. पंधराव्या वर्षी फडातच तिचं लग्न ठरलं. म्हणून मी पडत राहिले. सकाळी, संध्याकाळी. कोपरं काळी पडली.

सर वाईट माणूस नव्हते. ते आमाला मोबाइलवर नेदरलँडच्या एका खेळाडूच्या लढती दाखवायचे. दांडगी बाई, बोटांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या. बाकीच्या पोरी तिचे डाव बघायच्या. एकदा एका लढतीत ती सपशेल पाठीवर आदळली. सगळ्या जगासमोर. उठली, पट्टा सारखा केला, वाकली, बाहेर गेली. थोड्या वेळानं ब्राँझच्या लढतीसाठी परत आली.

मी तिचं पडणं बघितलं. पडायच्या आधी तिनं पाय रोवले होते, कंबर मागं ओढली होती, तोंड वाकडं झालं होतं. तिचं सगळं अंग न्हाई म्हणत होतं. तरी पडली. मला वाटलं, असं तर मी एकदाही पडले न्हाई. मला पाडलंच न्हाई कुणी. मी नुसती पडते.

त्या वर्षी जिल्ह्याच्या फायनलला मी आणि ऋतुजाच आलो. आदल्या दिवशी सरांनी मला सामानाच्या खोलीत बोलावलं.

“उद्याची लढत तिला सोड,” सर म्हणाले. “साहेबांचं म्हणणं हाय. राज्याचं सर्टिफिकेट पाहिजे तिला, पुढं नोकरीत खेळाडूंची जागा असती. तू अजून लहान हायस. हॉस्टेलचं पण बघ.”

मी हॉस्टेलचं बघितलं. दुसऱ्या दिवशी पडले, रोजच्यासारखी. अध्यक्षांनी पेढे वाटले, एक मलाही दिला. मी खाल्ला. याडीनं फोनवर आमच्या बोलीत विचारलं, जिंकलीस का. मी सांगितलं, समोरची लई ताकदीची होती. ती म्हणाली, बरं, जेवलीस का. तिकडं फडात ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

पुढच्या वर्षी परत तेच. तीच खोली, तेच बोलणं. मी मान हलवली. खरं सांगते, पडायचंच ठरवून मॅटवर गेले होते.

लढत सुरू झाली. पंच बाहेरच्या जिल्ह्यातले होते. ऋतुजानं कॉलर धरली, एक डाव टाकला. माझा पाय आपोआप मागं रोवला गेला. तिनं तोंड माझ्या कानाजवळ आणलं.

“पड ना लवकर,” ती म्हणाली. “मला क्लासला जायचंय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. दमदाटीही नव्हती. घाई होती नुसती. तिच्यासाठी ते दार उघडण्यासारखं काम होतं. दार अडकलं, एवढंच.

मी पडले न्हाई.

तिनं परत ओढलं. मी उभीच. डाव टाकायच्या आधी तिचा उजवा खांदा खाली यायचा. दोन वर्षं रोज तोच खांदा बघितला होता. तो खाली आला आणि मी आत शिरले, कंबर फिरवली, तिला उचललं. ती पाठीवर गेली. पंचांचा हात सरळ वर. इप्पॉन. पूर्ण गुण, लढत संपली.

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली न्हाई. ऋतुजा उठून बसली. “असं काहून केलंस तू?” ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

दुपारपर्यंत माझी पेटी हॉस्टेलच्या ओट्यावर होती. खोली दुसरीला द्यायची हाय, असं रेक्टरबाई म्हणाल्या. सर स्टँडपर्यंत आले, पेटीची एक कडी त्यांनी धरली होती.

“माफी माग,” ते म्हणाले. “दोन शब्दांचं काम हाय. मी बोलतो साहेबांशी.”

“कशाची माफी, सर?”

त्यांनी पेटी खाली ठेवली. तांड्याकडं जाणारी वारंग्याची गाडी लागली. मी चढले.

राज्याला गेले, पहिल्याच लढतीत हरले. मग फडात गेले. दोन हंगाम मोळ्या उचलल्या. दहावी, बारावी बाहेरून दिली. ऋतुजाला खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली.

आता मी बावीस वर्षांची. वारंगा फाट्यावर मेडिकलमध्ये काम करते. सकाळी रस्त्याच्या कडेनं पळते. लिंबाला टायरची ट्यूब बांधलीय, ती ओढून डाव टाकते. समोर माणूस न्हाई. पाडायला न्हाई, पडायला न्हाई.

पुढच्या महिन्यात मोठ्या गटाची निवड चाचणी हाय. फॉर्मवर क्लबचा शिक्का लागतो. जवळपास क्लब एकच, त्यांचा. मी गेले. अध्यक्षांनी मला ओळखलं न्हाई. नाव सांगितल्यावर हसले.

“हां, ती तू. शिक्का देतो की. पण पुतणीला पार्टनर पाहिजे. संध्याकाळी येत जा.”

हॉस्टेल सुटून सात वर्षं झाली. तरी मेजाच्या त्या बाजूला ते, या बाजूला मी.

“मी खेळायला आले,” मी म्हणलं. “पार्टनर म्हणून न्हाई.”

“मग शिक्का न्हाई.”

मी फॉर्म उचलला. घडी केली न्हाई, हातात सरळ धरून बाहेर आले. क्लबच्या रकान्यात लिहिलं, शिक्का नाकारला. कोणी नाकारला, तेही पूर्ण नावानिशी लिहिलं. खाली माझी सही केली.

चाचणीच्या दिवशी मी पहिल्या गाडीनं जाणार. तिथं आधी वजन करतात, वजन नोंदलं तरच खेळायला मिळतं. आत घेतलं न्हाई तर दारात उभी राहीन. कुणी विचारलं तर सगळं सांगीन, न्हाई विचारलं तरी सांगीन. माझं वजन केल्याबिगर तिथून हलणार न्हाई.